खोळीतला गंज

माझ्या माहेरी एक रायफल आहे, हे लग्नानंतर बरीच वर्षं मी सासरी कुणाला सांगितलं नव्हतं. परवाना होता, सगळं रीतसर होतं. पण सांगितलं की पुढचा प्रश्न यायचा, ‘कशासाठी?’ त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते वडिलांकडे होतं, आणि त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. मंगळवेढ्याच्या अलीकडे आमचं गाव. काळी जमीन, ज्वारी, आणि गावाच्या वरच्या अंगाला मोठा माळ. त्या माळावर काळविटांचे कळप असायचे, अजूनही असतात. आप्पा तरुण होते तेव्हा शिकारीला परमिट मिळायचं. एका निवृत्त साहेबाकडून त्यांनी ही रायफल घेतली, तेव्हाच ती जुनी होती. दर गोळीनंतर बोल्टची, म्हणजे गोळी चढवणाऱ्या दांड्याची, मूठ वर उचलून मागे ओढायची, पुन्हा पुढे ढकलून खाली पाडायची, तेव्हा दुसरी गोळी चढते, अशा जातीची. हरणाची शिकार झाली की वाडीवस्तीत वाटे जायचे, असं आई सांगायची. मी काही ते पाहिलेलं नाही. माझ्या आठवणी सुरू होतात तोवर शिकारबंदी लागू झाली होती. आप्पांनी त्या दिवसापासून हरणावर नळी धरली नाही. पिकाच्या राखणीसाठी म्हणून परवाना चालू राहिला. रानडुकरं फार माजली की वर्षादोन वर्षांतून एखादा बार हवेत काढायचे, तेवढंच.

एकदा शेजारच्या शेतकऱ्यानं गळ घातली होती. हुरड्यात आलेली ज्वारी हरणांनी एका रात्रीत लोळवली होती. तो म्हणाला, “आप्पा, एक पाडा की. बाकीची फिरून येणार न्हाईत.”

आप्पा म्हणाले, “बंद म्हंजे बंद. तुला राखणीला मी येतो, पर बार काढणार न्हाय.” आणि खरंच आठ दिवस ते त्याच्या बांधावर डबा वाजवत बसले.

पण रायफल त्यांनी विकली नाही, जमाही केली नाही. दर रविवारी सकाळी अंगणात घोंगडी पसरून ती पुसायची, हा नेम. आम्हा पोरांना दहा हात लांब बसावं लागे. तेलाचा वास, पितळी वजन लावलेली दोरी, आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या. माझा धाकटा भाऊ कंटाळून पळून जायचा. मी बसून राहायचे.

आई गेल्यावर आप्पा सोलापुरात माझ्याकडे राहायला आले. मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. यंत्रं पुसणं, तराजू जुळवणं, भिंगं जपणं हीच माझी नोकरी. आप्पा आले ते एक ट्रंक आणि रायफल घेऊन. पत्ता बदलून परवाना शहरात आणला, लोखंडी कपाटाला कुलूप बसवलं. रायफलीला एक खोळ होती. आईनं शेवटच्या आजारपणाआधी जुन्या जाड चादरीची शिवलेली, तोंडाशी नाडी असलेली. आप्पा रविवारी कपाट उघडून खोलीचं दार लोटून घ्यायचे, अर्ध्या तासानं बाहेर यायचे. आत काय करतात हे मी विचारलं नाही. पुसत असणार, दुसरं काय.

त्यांचे हात कापायला लागले होते. चहाची बशी वाजायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी थोडा फरक पडला. रायफलीचा आणि त्या कापणाऱ्या हातांचा संबंध मात्र माझ्या डोक्यात आला नाही.

लोकसभेच्या निवडणुकीआधी नेहमीसारखी नोटीस आली. परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करा. मार्च संपत आला होता. आम्ही दोघं रिक्षानं गेलो. खोळीतली रायफल आप्पांनी मांडीवर आडवी धरली होती आणि रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता. ठाण्यात शस्त्रांचं काम एका महिला हवालदाराकडे होतं. माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान, कपाळावर घाम, समोर मोठं रजिस्टर. तिनं खोळ नंबर दिसेल एवढी खाली सरकवली, नंबर वाचला, लिहिला, पावती फाडली.

“आजोबा, काळजी करू नका. भिंतीपासून लांब, फळीवर उभी ठेवते.”

आप्पांनी घाईघाईनं खोळ वर ओढली. नाडी बांधायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला.

निकाल लागले, आचारसंहिता उठली, जूनच्या मध्यावर आम्ही रायफल परत आणायला गेलो. हवालदारबाईंनी रजिस्टर पुढं केलं, सहीची जागा दाखवली. आप्पा म्हणाले, “आदी बगून घेतो.” आणि त्यांनी तिथंच, टेबलावर, खोळ पूर्ण काढली.

नळीवर तपकिरी-काळे डाग होते. एकदोन नव्हेत, हातभर लांबीचे पट्टे. बोल्टच्या मुठीला धरून आप्पांनी ओढलं. ती हलली नाही.

आप्पांचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. “पोराटोरावाणी जपलेली वस्तू हाय ही! काय केलं तुमी हिचं? पाण्यात ठिवली व्हती का?”

ठाण्यातली माणसं वळून बघायला लागली. हवालदारबाई उभ्या राहिल्या. “आजोबा, खोळसुद्धा उघडली नाही मी. जशी दिलीत तशी आहे.”

“मग गंज काय आभाळातनं पडला?”

हवालदारबाईंचा चेहरा लाल झाला होता. मी आप्पांना सही करायला लावली आणि दंड धरून बाहेर आणलं. रिक्षात ते पूर्ण वेळ नळीवरून अंगठा फिरवत होते.

घरी आल्यावर त्यांनी मला कागद घ्यायला लावला. वरिष्ठांकडे तक्रार. ते सांगत होते, मी लिहीत होते. ‘सदर शस्त्राची हयगय झालेली असून’ असं वाक्य त्यांनी स्वतः जुळवलं. खाली कापऱ्या हातानं सही केली. मी पाकीट चिकटवलं आणि उद्या टाकते म्हणाले. खरं सांगायचं तर माझाही राग त्या बाईंवरच होता. मी रोज यंत्रं हाताळते. कुणी निष्काळजीपणानं ठेवलेलं यंत्र परत आलं की काय वाटतं, हे मला ठाऊक आहे.

पण आधी रायफल एखाद्या जाणकाराला दाखवावी, त्याचं म्हणणंही पत्रात जोडता येईल, असा विचार करून दुसऱ्या दिवशी आम्ही शहरातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो. परवाना असलेलं जुनं दुकान. मागच्या खोलीत दुरुस्तीचं काम करणारे एक म्हातारे मिस्त्री बसतात. आप्पांची त्यांची चाळीस वर्षांची ओळख. पांढरी दाढी, नाकावर घसरलेला चष्मा, एका कानानं कमी ऐकू येतं.

“आओ आप्पा, आओ! कित्ते दिनां बाद!” त्यांनी आप्पांचे दोन्ही हात धरले, आणि मग ते हात सोडलेच नाहीत, थोडा वेळ तसेच धरून ठेवले. कापरं त्यांच्या लक्षात आलं असणार. “तुम्ही बाहेर बसा, चाय प्या. बेटी, तू इकडे ये, कंदील धर माझा.” कंदील म्हणजे बॅटरी. आप्पा बाहेर दुकानमालकाशी बोलत बसले.

मिस्त्रींनी टेबलावर जाड कापड पसरून रायफल ठेवली. बोल्टच्या फटीत तेलाचे चार थेंब सोडले आणि ते मुरायची वाट बघत बसले. मीही बसले. दहा मिनिटांनी त्यांनी मुठीला तळहातानं खालून हलका ठोसा दिला. बोल्ट सुटला. तो बाहेर काढून त्यांनी नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि आतून पाहिलं.

“आतून साफ आहे. आप्पानं पूर्वी ग्रीस लावून ठेवलं होतं, त्यानं वाचवलं.” मग त्यांनी नळी आडवी केली, डागावरून नख ओढलं आणि माझं बोट धरून त्याच जागी फिरवलं. “लागला काही?”

बोटाला काही लागलं नव्हतं. फक्त बारीक खळगे जाणवत होते.

“नवा गंज लाल असतो बेटी. पावडरीसारखा हाताला येतो. हा काळा, लोखंड खाल्लेला. हा दोन-तीन महिन्यांचा नाही. दोन-तीन साल.” त्यांनी नळी कापडावर ठेवली. “आणि उन्हाळ्यात आपल्या सोलापुरात गंज कुठून येईल? हितं तर माणूस वाळतो.”

मला स्वतःची लाज वाटली. प्रयोगशाळेत पोरांना लोखंड आणि दमट हवा शिकवणारी मी. एप्रिल-मे महिन्यात बंद खोलीत ठेवलेल्या रायफलीवर पाणी कुठून येणार, एवढा साधा हिशेब मला सुचला नव्हता.

मिस्त्रींनी खोळ उचलली, आतून उलटी केली. आतल्या बाजूला नळीच्या उंचीवर तपकिरी पट्टे उमटले होते. “कपडा पाणी पितो. पावसाळ्यात पितो आणि लोखंडाला पाजत बसतो. बंदूक कधी खोळीत ठेवून द्यायची नाही. आप्पालाच ठाऊक आहे हे. त्यानंच मला सांगितलेलं, जवान होतो तेव्हा.”

“मग त्यांनी का ठेवली?”

मिस्त्रींनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “ये कायकू पूछती? हात देखे ना उनके? ज्याच्यानं बोल्ट निघत नाही, तो काय पुसणार. धूळ बसू नये म्हणून झाकून ठेवली असेल.” मग हळू आवाजात म्हणाले, “मी त्याला काही बोलणार नाही. तू मुलगी आहेस, तू बघ.”

बाहेर येऊन त्यांनी आप्पांना एवढंच सांगितलं, “थोडा गंज है. निकालता मैं. आठ दिन दो.”

ती खोळ आईनं शिवली होती, हे मिस्त्रींना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

ते पाकीट माझ्या पर्समध्ये तीन दिवस राहिलं. आप्पा रोज विचारायचे, “टाकलं का?” मी काहीतरी कारण सांगायचे. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा मी पाकीट काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

“आप्पा, हे टाकलं तर त्या बाईंची चौकशी लागेल.”

“लागू दे की. चूक केली तर भोगायची.”

“चूक त्यांची नाही. मिस्त्री म्हणाले, गंज जुना आहे.”

आप्पा खिडकीतून बाहेर बघत राहिले. समोरच्या घराच्या गच्चीवर कुणीतरी कुरडया वाळत घातल्या होत्या.

“किती जुना म्हनले?”

“दोन-तीन वर्षं.”

त्यांनी मान हलवली. “दोन सालं झाली. बोल्ट निघतच न्हवता माज्याच्यानं. आदी वाटायचं, आज न्हाय तर उद्या निगंल. मंग कपाट उगडायचं, खोळीवरनं हात फिरवायचा, बंद करायचं.” त्यांनी पाकीट स्वतःकडे ओढलं. “बगायचंच टाळत व्हतो मी. तुज्या आईनं शिवलेली खोळ. म्हटलं हिच्यात सुरक्षित हाय.”

“मला सांगायचं ना आप्पा.”

“काय सांगू? का पुसता येईना?”

हे ऐकून मला रडू आलं, पण मी रडले नाही. ते रडत नव्हते म्हणून. त्यांनी पाकीट उचललं, फाडायचा प्रयत्न केला. जाड पाकीट, हात कापरे. मी मदतीला गेले नाही. त्यांनी ते दातात धरून फाडलं.

मग म्हणाले, “चल, ठाण्यात जाऊ.”

मी म्हटलं, फोन करूया. ते ऐकेनात. धोतर बदललं, टोपी घातली. ठाण्यात हवालदारबाई आम्हाला बघून सावध झाल्या. आप्पा टेबलापाशी उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“बाई, त्या दिशी मी लई बोललो. गंज माज्या घरचा हाय, तुमचा न्हाय. चार मानसांत बोललो, म्हनून चार मानसांत सांगायला आलो.”

बाई एकदम उठल्या. “अहो आजोबा, असू द्या. माझ्या वडिलांच्या वयाचे तुम्ही.” आणि मग, जरा हसून, “पण खरं सांगू? मला दोन रात्री झोप नव्हती. मी सारखी आठवत होते, फळीवरच ठेवली होती ना.”

“फळीवरच ठिवली आसंल,” आप्पा म्हणाले. “तुमचा हात नीट हाय.”

चहा आला. आप्पांनी बशीत ओतून प्यायला. बशी वाजली, कुणी लक्ष दिलं नाही.

आठ दिवसांनी रायफल परत आली. डाग पुसट झाले होते, खळगे राहिले. ते राहणारच, असं मिस्त्री म्हणाले. पुढच्या रविवारी मी गॅलरीत सतरंजी पसरली. आप्पा खुर्चीत बसले आणि मला शिकवायला लागले. त्यांना एवढं बोलताना मी वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं.

पहिलं, आत काडतूस नाही ना, हे बघायचं. डोळ्यानं बघायचं, मग करंगळीनं चाचपायचं. “डोळा फशिवतो, बोट न्हाय.” मग बोल्ट मागे ओढून, पुढचं टोक जरा उचलून बाहेर. दोरीचं पितळी वजन मागून नळीत सोडायचं, पुढून बाहेर आलं की चिंधी अडकवून एका दमात ओढायचं. मध्ये थांबलं तर चिंधी अडकते. मी पहिल्यांदा थांबले. अडकली. आप्पांनी कपाळावर हात मारला, पण हसत होते. कोरडी चिंधी तीनदा, तेलाची एकदा. बाहेरून तेलाचा हात इतका पातळ की बोट लावलं तर ठसा उमटावा, ओघळ येऊ नये. खांद्याला टेकतो त्या लाकडी दस्त्याला जवसाचं तेल, तळहातानं, लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं.

“पोळीला तूप लावल्यावाणी न्हवं ग. अंगाला लावल्यावाणी.”

तासभर लागला. शेवटी मी बोल्ट चढवला आणि मूठ खाली पाडली. आप्पांनी डोळे मिटून ऐकलं. “हां. बसला.”

खोळ मी धुऊन, वाळवून त्यांच्या कपड्यांत ठेवून दिली. रायफल आता कपाटात उघडीच उभी असते.

त्या वेळीच परवान्याचं काम निघालं. वय, हातांचं दुखणं. आप्पांच्या नावावर आता नूतनीकरण होणं कठीण होतं. कचेरीतून सांगितलं, जमा करा, नाहीतर वारसाच्या नावावर करा. पुण्याहून भावाचा फोन आला. “ताई, देऊन टाका सरकारला. काय करायचीय? हरणं मारायची नाहीत, डुकरं आता सोलापुरात येत नाहीत.”

त्याचं चूक नव्हतं. मी म्हटलं, “तुझी हरकत नाही ना, एवढं लिहून दे.” त्यानं दिलं. चौकशीला त्याच हवालदारबाई घरी आल्या. फॉर्म भरता भरता त्यांनी विचारलं, “मॅडम, कारण काय लिहू?”

इतकी वर्षं चुकवलेला प्रश्न. मी म्हटलं, “वडिलांची आहे. नीट ठेवायची आहे.”

“हे कारण यात बसत नाही,” त्या म्हणाल्या, आणि ‘वारसाहक्क, शेती’ असं लिहिलं.

परवान्याआधी शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. चोपन्नाव्या वर्षी मी शहराबाहेरच्या फायरिंग रेंजवर गेले. बाकी सगळे बँकांचे सुरक्षारक्षक आणि एक पेट्रोलपंपवाले. फौजेतून निवृत्त झालेले शिक्षक ओरडत होते, “मॅडम, दस्ता खांद्यात घट्ट!” मला वाटलं मी घट्टच धरलाय. पहिल्या गोळीनं खांदा असा हलला की बाकीच्या चार गोळ्या कुठं गेल्या, माहीत नाही. घरी आले तर जांभळा डाग.

आप्पांनी सगळं खोदून खोदून विचारलं. मग म्हणाले, “खांदा आनि दस्ता, मदी जागा ठिवलीस. भ्यालीस.”

“भ्याले.”

“मी बी भ्यालो व्हतो पयल्यांदा,” असं म्हणून त्यांनी जावयाला एरंडाचं पान शोधायला पाठवलं. माझे मिस्टर अर्धा तास फिरून रेल्वेलाइनच्या कडेनं दोन पानं तोडून घेऊन आले. ती तव्यावर गरम करून बांधली. आराम पडला की नाही, सांगता येत नाही. आप्पांना मात्र पडला.

परवाना यायला आठ महिने गेले. माझा फोटो लावलेलं पुस्तक मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पानं उलटली. मग विचारलं, “माजं कुटं हाय?”

“काय?”

“माजं पुस्तक.”

त्यांचं जुनं पुस्तक कचेरीत जमा झालं होतं. तसा नियमच आहे, आणि ते देताना मी दुसरा विचार केला नव्हता. संध्याकाळी जेवताना आप्पा म्हणाले, “त्यात फोटो व्हता माजा. तिशीतला. दुसरा न्हाय कुटं.”

ते खरं होतं. लग्नात फोटो काढले नव्हते. गावाकडे ट्रंका उपसल्या तरी त्या वयाचे आप्पा सापडले नसते.

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून कचेरीत गेले. कारकून म्हणाला, फाईल बंद झाली, पुस्तक मिळणार नाही. मी म्हटलं, पुस्तक नको, एकदा फक्त बघू द्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर त्यानं फाईल शोधून आणली. बहुधा मी जागची हललेच नाही म्हणून. पहिल्या पानावर तो फोटो होता, कडेला शिक्का अर्धा गालावर आलेला. मी मोबाईलवर दोनदा काढला. एकदा उजेड कमी पडला म्हणून कारकुनानं स्वतः उठून खिडकीचा पडदा सरकवला.

येताना मोठा करून छापून आणला. आप्पांनी तो चष्म्याशिवाय हातभर लांब धरला, मग जवळ. कागद थरथरत होता, म्हणून मी दुसऱ्या बाजूनं धरला.

“लई बारीक व्हतो की मी,” ते म्हणाले.